दमाचा नियम

आमच्या गेमबद्दल सगळ्यात आधी ज्याने मत दिलं, तो माणूस गेम सहा मिनिटं खेळला होता. ज्या ऑनलाइन दुकानात आम्ही तो ठेवला होता, तिथे प्रत्येक मताशेजारी तो माणूस किती वेळ खेळला तेही दिसतं. सहा मिनिटांत त्याचं पात्र जेमतेम घाटाच्या पहिल्या वळणाला लागलं असेल. मराठीत असा गेम झाला याचा अभिमान वाटतो, असं त्याने लिहिलं होतं. पुढे जोडलेल्या हातांची तीन चित्रं.

शुक्रवारची दुपार होती. आम्ही तिघं शेलूला माझ्या मेहुण्याच्या फ्लॅटवर बसलो होतो. मी, माझी बायको आणि हा तिचा धाकटा भाऊ. आम्ही दोघं कर्जतला वेगवेगळ्या शाळांत शिकवतो, मी मराठी आणि ती इंग्रजी. दोघांनीही त्या दिवशी रजा टाकली होती. मेहुण्याने ते मत मोठ्याने वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "दाजी, पहिलं आलं." बायकोने पिशवीतून नारळाच्या वड्यांचा डबा काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. त्याने एक वडी उचलली आणि ती हातात धरूनच तो पुढच्या मताची वाट बघत बसला. संध्याकाळी आम्ही परत निघालो तोवर आणखी दोनच आली होती. त्यातलं एक दुसऱ्याच कुठल्या तरी गेमबद्दल होतं.

त्या गेमला आम्ही सात वर्षं दिली होती. आम्ही म्हणतो खरं, पण नोकरी सोडून दिली ती त्याने. मी शाळा सांभाळून लिहीत होतो, बायको घर आणि शाळा सांभाळून त्याचं इंग्रजी करत होती.

याची सुरुवात आमच्या लग्नानंतर लगेचची. तो तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि सुट्टीला आमच्या भिसेगावच्या घरी यायचा. माझ्याकडे एक जुना कॉम्प्युटर होता. त्यावर आम्ही दोघं एक परदेशी गेम खेळायचो. जुन्या पद्धतीचा, गोष्टीचा. अशा गेममध्ये आपण एक पात्र व्हायचं, गावोगाव फिरायचं, माणसांशी बोलायचं. बोलायची वेळ आली की पडद्यावर तीन-चार वाक्यं येतात, त्यातलं एक निवडायचं, आणि त्यावरून गोष्ट पुढे कुठे जाणार ते ठरतं. लढाई आली तर पाळीपाळीने, एक वार त्याचा, एक आपला. हल्लीच्या गेमांसारखी धावपळ नाही. वाचायला मात्र पुस्तकाएवढं. माझं इंग्रजी बेताचं, त्याचं तेव्हा त्याहून बेताचं. बायको मेथी निवडत बाजूला बसायची आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ सांगायची. एकदा मध्येच तो म्हणाला, "दाजी, असं काहीतरी मराठीत केलं तर?" मी म्हटलं, कर की. असं आपण कितीतरी गोष्टींना म्हणतो.

बारा-तेरा वर्षांनी तो खरंच आला. नव्या मुंबईतल्या कंपनीचा राजीनामा देऊन आला होता आणि ते आम्हाला त्याने चहा झाल्यावर सांगितलं.

गोष्ट मी रचली. जुन्या काळचा एक जासूद, म्हणजे पायी पत्रं पोचवणारा माणूस. तो खालच्या ठाण्यावरून घाटावरच्या गडाकडे एक पत्र घेऊन निघतो. वाटेत सात वाड्या आहेत. साथीचे दिवस आहेत आणि प्रत्येक वाडीला वाटतं, हा मदत येणार अशी बातमी घेऊन आलाय. पत्रात लिहिलंय की मदत येणार नाही. जासुदाला ते माहीत आहे. कोणाला खरं सांगायचं, कोणापासून लपवायचं, कोणाला खोटा धीर द्यायचा, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. काहीही ठरवलं तरी शेवटी पत्र पोचतं आणि मदत येत नाही. शेवट गोड करायचा नाही, यावर आमचं तिघांचं पहिल्या दिवसापासून एकमत होतं.

पण या गेमला ज्याने गेमपण आणलं ती गोष्ट माझी नव्हती. ती मेहुण्याला त्याच्या वडिलांकडून मिळाली. माझे सासरे खालापूर तालुक्यातल्या डोंगराच्या पायथ्याच्या गावात राहतात, शेती करतात. तरुणपणी ते डोक्यावर ओझं घेऊन घाट चढ-उतार करायचे. आम्हाला जुन्या वाटा बघायच्या होत्या म्हणून एकदा त्यांना घेऊन ठाकुरवाडीच्या अंगाने वर गेलो. वय सत्तरीचं, पण चाल आमच्यापेक्षा चांगली. चढणीवर मेहुण्याने त्यांना विचारलं, "बाबा, तुम्ही पाणी कुठं प्यायचात?" ते बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्याने विचारलं, सोबत किती जण असायचे. काही नाही. मग विचारलं, वाटेत कोणी लुटायचं का. तरी गप्प. मला वाटलं, म्हातारा कशावरून तरी रागावला. सपाटी आली तसे ते एका खडकाला टेकले, दोन-तीन श्वास घेतले आणि म्हणाले, "पानी त्या खालच्या झऱ्यावं. आमी चार-पाच जन असायचो. लुटायला व्हतंच काय आमच्याकडं?" तिन्ही प्रश्नांची उत्तरं, विचारले होते त्याच क्रमाने. मग मुलाकडे बघून म्हणाले, "चढनीला बोलायचं नाय रं. बोललास का दम ग्येला."

मेहुण्याने त्यावरून नियम केला. गेममध्ये जासुदाला दम असतो. चढणीवर प्रत्येक पावलाला तो थोडा जातो आणि बोललेल्या प्रत्येक शब्दालाही जातो. लांब वाक्य निवडलं तर पुढे कोणी अडवल्यावर लढायला किंवा पळायला दम उरत नाही. सपाटीवर टेकला की दम भरतो. मग सोबत चालत आलेल्या ज्यांना चढणीवर उत्तर दिलं नाही त्यांना तो एकेक करून उत्तरं देतो.

या नियमाने माझं सगळं लिखाण मोडलं. मी हौसेने लांब लांब संवाद लिहून पाठवायचो आणि त्याचा मेसेज यायचा, "दाजी, हे वाक्य बोलला तर तो मरेल." मी वैतागून कापायचो. बारा शब्दांचे सात, सातांचे चार. पहिली दोन वर्षं मी नुसता कुरकुरत होतो. नंतर हात बसला. बायको त्याचं इंग्रजी करायची तेही शब्द मोजून. शनिवारी-रविवारी तो भिसेगावला यायचा आणि आम्ही तिघं एका वाक्याला तास तास बसायचो. माझ्या आयुष्यातले ते बरे दिवस होते. नोकरी सोडलेली त्याने, म्हणून तेव्हा आठ्या असायच्या त्या त्याच्याच कपाळावर, आमच्या नाही.

आता परीक्षणांबद्दल.

पहिल्या आठवड्यात आपल्याकडच्या दोन-तीन वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. कर्जतच्या शिक्षकाने गेम बनवला, असा सगळ्यांचा सूर. कोणी खेळलं नव्हतं. गेम मेहुण्याने बनवला, मी लिहिला, हे मी पहिल्या बातमीदाराला सांगितलं होतं. ते छापून आलं नाही. दुसऱ्याला सांगितलं की नाही ते आता आठवत नाही. शाळेत मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर माझं अभिनंदन केलं आणि मी हात जोडले.

मग एका हिंदी व्हिडिओवाल्याने तो खेळून दाखवला. त्याला बघणारे पुष्कळ, त्यामुळे आम्हाला आशा होती. पहिल्या चढणीवर एक म्हातारी जासुदाला काही विचारते. त्याने चारपैकी सगळ्यात लांब उत्तर निवडलं. जासूद धापा टाकत कोसळला. त्याने पुन्हा खेळ सुरू केला आणि पुन्हा तेच उत्तर निवडलं. असं चार वेळा. चौथ्या वेळी तो इतका हसला की खुर्चीवरून उठून गेला. बघणाऱ्यांनी खाली गोगलगायीची चित्रं टाकली. मेहुण्याने तो व्हिडिओ तीनदा पाहिला आणि जासूद कुठे कुठे कोसळला ते वहीत लिहून घेतलं. मी म्हटलं, "अरे, त्याने नियम वाचलाच नाही." तो म्हणाला, "वाचला नाही म्हणजे मला सांगता आला नाही."

परदेशातलं मोठं परीक्षण आलं ते तिसऱ्या आठवड्यात. अशा जुन्या वळणाच्या गेमांबद्दल मन लावून लिहिणारी एक वेबसाइट आहे. मेहुणा ती कॉलेजपासून वाचायचा. तिथे आपल्याबद्दल दोन ओळी आल्या तरी पुरे, असं तो म्हणायचा. मधल्या सुट्टीत त्याचा फोन आला.

"दाजी, आलं त्यांचं."

"कसं आहे?"

"तुमचं चांगलं आहे," तो म्हणाला.

घंटा झाली म्हणून मी फोन ठेवला. आठवीच्या वर्गात शिकवताना माझ्या डोक्यात तेच चाललं होतं, चांगलं आहे, चांगलं आहे. त्यातल्या 'तुमचं' या शब्दाकडे माझं लक्ष घरी पोचेपर्यंत गेलं नाही.

परीक्षण लांबलचक होतं. लिहिणाऱ्याने दोन वेळा पूर्ण खेळून लिहिलं होतं. गेममध्ये इतकं नेमकं, एकही शब्द जास्त नसलेलं लिखाण बऱ्याच वर्षांत वाचलं नाही, असं त्याचं म्हणणं. त्याने तीन वाक्यं जशीच्या तशी दिली होती. मग बाकीचं. चालणं रटाळ, लढाई मागासलेली, दमाचा नियम म्हणजे खेळणाऱ्याला दिलेली शिक्षा. अशा लेखकाच्या वाट्याला असा गेम यावा हे दुर्दैव आहे, आणि त्याने गेमांच्या नादी न लागता कादंबरी लिहावी. दहापैकी पाच.

बायकोने ती तीन वाक्यं मोठ्याने वाचली. "ही माझी आहेत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे इंग्रजी माझं. तुमच्या मराठीत हे मधलं रडकं होतं, मी ते कोरडं केलं. आणि हे पहिलं तुम्ही तिप्पट लांब लिहिलं होतंत. त्याने परत पाठवलं म्हणून एवढं झालं."

"मग माझं काय यात?" मी हसत विचारलं.

"गोष्ट आहे ना तुमची," ती म्हणाली आणि भात लावायला उठली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती जे होतं ते सांगत होती.

मला ते कळत होतं. तिने सांगायच्या आधीही कळत होतं. तरी पुढच्या आठवड्यात मी ते परीक्षण रोज वाचलं. माझ्या आयुष्यात माझ्या लिखाणाबद्दल अनोळखी माणसाने लिहिलेलं ते पहिलंच. दिवाळी अंकांना पाठवलेल्या गोष्टी परत आल्या होत्या, पुढे पुढे परतही येईनाशा झाल्या. आणि आता समुद्रापलीकडचा कोणी म्हणत होता की मी कादंबरी लिहावी. मेहुण्याच्या कामाला त्याने शिक्षा म्हटलं, ते वाचताना मला वाईट वाटायचं. पण त्या ओळी मी भरभर वाचायचो.

एका साप्ताहिकाच्या बाईंचा फोन आला तो मी स्टाफरूममध्ये असताना. त्यांनी ते परीक्षण वाचलं होतं. चांगल्या बोलत होत्या. कादंबरीचा विचार आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, चालू आहे. तो चालू नव्हता. मग त्यांनी विचारलं, "लढाई आणि तो दमाचा प्रकार, याच्यावर बरीच टीका झाली. तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणालो, "ते खातं माझं नव्हतं. मी फक्त लिहिलं."

फोनवर बोललेलं वाक्य. बाजूच्या टेबलावर कोणीतरी वह्या तपासत होतं, पंखा चालू होता. मला ते बोलताना काही वाटलं नाही. उलट आपण मेहुण्याच्या कामाबद्दल वाईट बोललो नाही, याचं बरंच वाटलं.

रविवारच्या अंकात ते छापून आलं, उल्हास नदीच्या पुलावर काढलेल्या माझ्या फोटोसकट. बायकोने वाचलं. "हे तुम्ही म्हणालात?"

"तिने जरा फिरवून लिहिलंय."

"पण म्हणालात का?"

"म्हणालो."

तिने अंकाची घडी घातली आणि रद्दीत न टाकता टेबलावरच ठेवली. "त्याला फोन करा," ती म्हणाली.

मी केला नाही. सोमवारी त्याचाच आला. सहाव्या वाडीत एक दार उघडत नव्हतं, त्याबद्दल. आवाज नेहमीसारखा. मी मनाशी ठरवून टाकलं की त्याने अंक बघितला नसणार. शेलूला कुठे मिळतोय तो.

त्यानंतर दहा-अकरा दिवसांनी गेमची नवी आवृत्ती आली. ज्याच्याकडे गेम आहे त्याच्याकडे ती आपोआप येते, जुनी पुसली जाते. मला त्याने सांगितलं नव्हतं. रविवारी सकाळी मी सहज खेळायला बसलो आणि पहिल्या चढणीवर म्हातारीला लांब उत्तर दिलं. जासूद बोलत बोलत वर चढला. काही कमी झालं नाही. दमाचा नियमच नव्हता.

मी तसाच शेलूला गेलो. त्याने दार उघडलं, आत येऊ दिलं. भिंतीवर सात वाड्यांचे कागदी नकाशे असायचे, ते काढले होते. चिकटपट्टीचे तुकडे राहिले होते.

"दम कुठे गेला?" मी विचारलं.

"काढला."

"मला न विचारता?"

"दाजी, ते खातं माझं आहे ना?"

तो हे भांडायला बोलला नाही. माझ्यासाठी चहाचं आधण ठेवता ठेवता बोलला. मी खुर्चीत बसलो. तेव्हा मी म्हणायला हवं होतं की माझं चुकलं. ते वाक्य दोन शब्दांचं असतं. मी म्हणालो, "सगळं बिघडलं रे. परत घाल."

"सगळे तेच म्हणत होते ना, चालणं कंटाळवाणं आहे. आता कंटाळा येणार नाही."

"मग त्यात उरलं काय?"

"गोष्ट उरली. ती चांगली आहे म्हणतात."

"जुनं ठेवलंयस ना कुठे?"

"नाही ठेवलं." त्याने चहा गाळला. "जागाच खातं ते नुसतं."

मी चहा प्यायलो. दोघं पावसाबद्दल थोडं बोललो. निघताना त्याने ताईसाठी म्हणून तिचाच डबा धुऊन दिला.

नवी आवृत्ती आली तरी तक्रार करणारे परत आले नाहीत. एकदा सोडलेल्या गेमकडे कोण परत येतं. नवीन जे आले त्यांनी वेगळंच लिहायला सुरुवात केली. माणसं तुटक बोलतात, जासूद उर्मट वाटतो, दोन शब्दांत उत्तर देऊन पुढे का जातो, लेखकाला संवाद लिहिता येत नाहीत का. ते बरोबरच होतं. दम नसताना कमी बोलायला कारणच राहिलं नव्हतं. माझी मुद्दाम कापलेली वाक्यं आता नुसतीच कापलेली दिसत होती. ज्या दोन-चार जणांना आधीचा गेम आवडला होता त्यांनी विचारलं, असं का केलंत. त्यांना कोणी उत्तर दिलं नाही. दुकान सगळ्या मतांचा मिळून एक शेरा देतं. तो आधी 'संमिश्र' होता, मग 'बहुतांशी नकारात्मक' झाला.

त्या वर्षी भाऊबीज गावाला, सासऱ्यांकडे होती. दुपारची जेवणं झाल्यावर सासरे ओटीवर बसले होते. मेहुण्याला म्हणाले, "दाखव की रं तुजा मानूस." दोन-तीन वर्षांपूर्वी त्याने त्यांना जासूद दाखवला होता. तो खडकावर टेकून दम खातोय हे त्यांना बारीकसं दिसलं होतं आणि ते म्हणाले होते, "हां. आसंच." त्यांना वाचता येतं, पण पडद्यावरचं नाही. त्यांनी फक्त त्याचं चालणं बघितलं होतं.

मेहुण्याने लॅपटॉप उघडला. सासऱ्यांनी मान पुढे काढून पाहिलं. जासूद घाट चढत होता, वाटेत लोक त्याला विचारत होते, तो उत्तरं देत होता, न थांबता.

"ह्याला दम लागत नाय आता?"

"नाय, बाबा. काढला."

"का रं?"

"लोकांना आवडत नव्हता."

सासऱ्यांनी आणखी थोडा वेळ पाहिलं. "मग ह्यो चढतोय कशाला?" त्यांनी विचारलं.

मेहुण्याने लॅपटॉप मिटला. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, "काय ओ मास्तर?" त्यांना आमच्यातलं काही माहीत नव्हतं. ते उठून म्हशीला पाणी दाखवायला गेले. बायको आतून सगळं ऐकत होती. त्या दिवशी तिने भावाला ओवाळलं तेव्हा ती नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली, ताट हातात धरून.

मी कादंबरी लिहायला घेतली. पुण्याच्या एका प्रकाशकांनी पत्र पाठवलं होतं, त्या परदेशी परीक्षणाचा उल्लेख करून. मेहुण्याला सांगितलं तर तो म्हणाला, "लिहा की, दाजी. गोष्ट तुमचीच आहे." दीड वर्ष लिहीत होतो. अडवायला कोणी नव्हतं, त्यामुळे वाक्यं फुगत गेली. जासूद चढणीवर पानंच्या पानं बोलायला लागला. मला ते दिसत होतं आणि थांबवता येत नव्हतं. छोटं करायला बसलो की नुसतं छोटं व्हायचं, नेमकं व्हायचं नाही. खेळणाऱ्याला चारांतून एक निवडावं लागायचं, तेव्हा न निवडलेल्या तिन्हींचाही एक भार असायचा. कागदावर मीच सगळं निवडत होतो आणि त्याला काहीच अर्थ राहत नव्हता. बायकोला वाचायला दिलं. तिने शंभर पानं वाचली आणि विचारलं, "पुढचं वाचायलाच हवं का?" प्रकाशकांनी तीन महिन्यांनी बाड परत पाठवलं. त्यांनी सभ्यपणे लिहिलं होतं की परीक्षणात वाचलेलं काही यात त्यांना सापडलं नाही.

मेहुण्याने शेलूचा फ्लॅट सोडला आणि तो गावी वडिलांकडे राहायला गेला. खालापूरजवळ हायवेला मोठमोठी गोदामं झाली आहेत. त्यातल्या एकात तो लागला. माल कुठल्या फडताळावर आहे ते कॉम्प्युटरवर दिसतं, ती व्यवस्था तो सांभाळतो. पाळीची ड्यूटी असते. घरी आला की जेवतो आणि झोपतो, असं सासरे सांगतात. गेमचं त्याने पुढे काही केलं नाही. दुसरा करायचा विचार आहे का, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, डोक्यात काही येत नाही.

आणि मग, गेम येऊन चौथं वर्ष चालू असताना, मला एक लेख सापडला. कुठल्या तरी परदेशी बाईंनी स्वतःच्या पानावर लिहिलेला. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरचं इंटरनेट बंद पडलं होतं आणि त्यांनी ते दुरुस्त केलं नव्हतं, म्हणून त्यांच्याकडे पहिली आवृत्ती तशीच राहिली होती. त्यांनी सगळा लेख दमाच्या नियमावर लिहिला होता. लिखाणाबद्दल एकच वाक्य होतं, ते नियमाला शोभेसं आहे. त्यांच्या लक्षात आलं होतं की जासूद सपाटीवर टेकल्यावर उत्तरं देतो ती प्रश्न विचारले त्याच क्रमाने. इतक्या परीक्षणांत हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ज्याने हा नियम केला त्याने कोणाला तरी खरंच चढताना पाहिलं असणार, असं त्यांनी म्हटलं होतं.

मी शाळेच्या कॉम्प्युटरवर तो लेख वाचला आणि उठून व्हरांड्यात गेलो. मग लगेच मेहुण्याला पाठवला. त्याने तो उघडल्याची खूण दिसली. दोन दिवस उत्तर नाही. मग आलं, "वाचला. छान लिहिलंय."

रविवारी मी एकटाच गावाला गेलो. तो अंगणात मोटारसायकल पुसत होता.

"त्या बाईंकडे जुनी प्रत आहे," मी म्हटलं. "मी लिहितो त्यांना. मागवून घेऊ. ती परत दुकानात ठेवू."

"नको, दाजी."

"अरे, सगळं तुझंच कौतुक आहे त्यात. माझं एक वाक्य आहे, तेही तुझ्याच मागे."

"हो. आहे." त्याने फडकं पिळलं. "मी तो दोनदा वाचला. पहिल्यांदा काही वाटलं नाही, म्हणून परत वाचला. तेव्हाही नाही वाटलं."

मी उभाच होतो. चार वर्षं जे म्हणायचं राहिलं होतं ते मी तेव्हा म्हणालो. पेपरात मी जे बोललो ते चूक होतं, तुझ्या नियमाशिवाय माझं काही नव्हतं, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. जरा लांबलंच. तो ऐकत होता. माझं झाल्यावर म्हणाला, "बरं." मग घड्याळ बघून म्हणाला, "दुपारची पाळी आहे मला. तुम्ही जेवून जा, बाबा थांबलेत."

तो गेल्यावर मी सासऱ्यांबरोबर जेवलो. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय म्हणाला?"

"नको म्हणाला."

सहामाहीचे पेपर तपासायचे होते, ती तेच करत राहिली.

त्या बाईंना मी लिहिलं नाही. दोन-तीनदा मजकूर तयार केला, पण प्रत मागायचा हक्क त्याचा आहे आणि त्याने नको म्हटलंय, असं वाटून ठेवून दिला. गेल्या वर्षी दुकानाकडून त्याला काही कळवलं होतं म्हणे. नव्या कॉम्प्युटरांवर गेम सुरू होत नाही, दुरुस्त करा नाहीतर काढावा लागेल. त्याने उत्तर दिलं नाही. आता त्या पानावर गेम मिळत नाही असं लिहून येतं. लोकांची मतं मात्र अजून खाली आहेत, सगळी, कोणी किती वेळ खेळलं त्यासकट. मी आता तिकडे जात नाही. बायको एकदा गेली होती. बराच वेळ वाचत बसली होती. काय वाचलंस ते मी विचारलं नाही.